दोन बलकांचं अंडं

(उपकारस्तुतीच्या सणानिमित्त कोल्हापूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या वर्षी याच सणाला मी याच जागी उभी राहून पाच मिनिटं बोलले होते. समोरच्या टेबलावर आजच्यासारखेच भोपळे, गुळाच्या ढेपा, भाताच्या लोंब्या, केळीचे घड मांडले होते. त्यात घाटाखालच्या आपल्या कातकरी वस्तीवरून आलेली अंड्यांची एक टोपली होती. मी त्यातलं एक मोठं अंडं उचललं आणि काचेच्या वाडग्यात फोडलं. दोन बलक पडले. पुढे बसलेली संडेस्कूलची मुलं ओरडली, मागच्या मंडळींनी माना उंच केल्या. मी म्हटलं, "बघा, तुमच्या दानाला प्रभूने दुप्पट आशीर्वाद दिला."

नंतर लिलावात त्या टोपलीतल्या मोठ्या अंड्यांना जी बोली लागली ती तुम्हाला आठवत असेल. एका काकांनी एका अंड्याचे 500 रुपये दिले. टोपलीचे मिळून 4,150 रुपये झाले. पुढच्या अंकात वाडग्याचा फोटो छापून आला, त्याखाली माझं तेच वाक्य.

आज मला त्या वाक्याबद्दल बोलायचं आहे. ते खरं नव्हतं. आणि ते बोलताना, ते पूर्ण खरं नसावं अशी शंका मला होती.

ज्यांना आपलं हे काम नीट ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. गगनबावड्याला रस्ता फुटतो. एक करूळ घाटाने उतरतो, दुसरा भुईबावड्याने. दोन्ही वैभववाडीकडे जातात. तिकडे डोंगराच्या पायथ्याशी एका वस्तीवर आपण सहा वर्षं जातो आहोत. वस्तीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे ज्यांच्या घरातल्या गोष्टी सांगणार आहे त्यांना ते आवडणार नाही. कातकरी म्हणजे एके काळी खैराच्या झाडापासून काथ पाडणारे लोक. नाव त्यावरूनच पडलं. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड अशा तीन जमाती शासनाने आदिम म्हणून वेगळ्या नोंदल्या आहेत. आता काथही नाही आणि त्यांचं म्हणावं असं जंगलही नाही. दिवाळी झाली की वीटभट्टी, नाहीतर कोळसा पाडायला जायचं. पाऊस तोंडावर आला की परत.

कोंबड्यांची कल्पना का निघाली? शासनाची डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची अमृत आहार योजना 2015 पासून आदिवासी भागात चालू आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण, लहान मुलांना अंडी, अशी ती योजना. पण सिंधुदुर्ग जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही, आणि आमच्या वस्तीपर्यंत ते अंडं पोचलेलं नव्हतं. आपण म्हटलं, अंडं वरून येत नसेल तर ते वस्तीतच होऊ दे. तशी मिशनच्या कामात कोंबडी काही नवी नाही. आपल्या भागात ज्यांनी काम केलं त्याच अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या स्लेटरसाहेबांनी उत्तरेत एटा गावी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोंबड्यांचा मोठा फार्म उभा केला होता, गरीब ख्रिस्ती कुटुंबांच्या हाताला काही मिळावं म्हणून. ते त्या विषयातले जाणकार होते. मी नव्हते. माझ्या ईश्वरविज्ञानाच्या पदविकेत कोंबडी हा विषय नव्हता.

तुमच्या दानातून आपण मागच्या जुलैत 12 कुटुंबांना प्रत्येकी 10 अशा 120 तलंगा दिल्या. तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, हे शहरातल्या मुलांसाठी सांगते. सुधारित जातीच्या होत्या, वय साधारण 14 आठवडे. त्यांना खुराडी बांधून दिली. मुंगूस आणि रानमांजर येऊ नये म्हणून मी प्रत्येक खुराड्यात एक छोटा बल्ब लावला, तो रात्रभर चालू. बल्ब आपल्या तरुण संघानेच दिले होते, त्यांचा काही दोष नाही. मागणी माझी होती. आणि लवकर अंडी सुरू व्हावीत म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांना घालतात ते खाद्य पहिल्या दिवसापासून घातलं. वस्तीतल्या एका आजींनी तेव्हाच विचारलं होतं, "ताय, रातचा दिवस कशाला करतेस?" मला वाटलं, त्यांना विजेच्या बिलाची काळजी आहे.

ऑगस्टच्या मध्यात अंडी सुरू झाली. पक्षी तेव्हा 20 आठवड्यांचेसुद्धा नव्हते. आणि त्या अंड्यांत मोठमोठी अंडी निघू लागली. गावरान कोंबडीचं अंडं 40-45 ग्रॅमचं, यातली काही 70 ग्रॅमच्या वर. फोडली की दोन बलक! बायका हसायच्या, मुलं मागे लागायची. साधारण हजार अंड्यांत एखादं असं निघतं असं म्हणतात. आमच्याकडे एका घरात आठवड्यात चार निघाली. मी फोटो काढले. लूकच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात अंडं मागणाऱ्या लेकराबद्दल प्रभू बोलतो ना, त्यावर मी मनातल्या मनात एक संदेशही तयार केला. (हाच दाखला मत्तयात आहे तिथे भाकरी आणि मासा आहे, अंडं नाही. अंडं एकट्या लूकने ठेवलं. हे मला तेव्हा फार आवडलं होतं.)

आता दोन बलक कसे होतात ते सांगते. मला हे नंतर आपल्याच मंडळीतल्या एका निवृत्त पशुवैद्यक काकांनी शिकवलं, मेलेली कोंबडी कापून, वर्तमानपत्रावर ठेवून.

कोंबडीचं एकच अंडाशय काम करतं, डावं. ते द्राक्षाच्या घडासारखं दिसतं. एक मणी मोठा, पिवळाधमक, त्याच्यामागे त्याहून लहान, त्याहून लहान, असे ओळीने. पिकलेला मणी सुटतो तो बलक. तो नळीत उतरतो, त्याच्याभोवती पांढरं चढतं, मग पातळ पापुद्रा, मग शेवटी टरफल. सगळ्याला मिळून 24-25 तास लागतात, आणि त्यातले 20 तास नुसत्या टरफलाला. अंडं बाहेर पडलं की थोड्या वेळाने पुढचा मणी सुटतो. हा क्रम लावून देण्याचं काम कोंबडीच्या मेंदूचं, आणि मेंदू हे ठरवतो उजेडावरून. दिवस मोठा होतो आहे असं वाटलं की तो शरीराला सांगतो, आता अंडी घाल. कोंबडीला हा उजेड डोळ्यांनी कळतोच, पण कवटीतून आत झिरपलेला उजेडसुद्धा तिच्या मेंदूला कळतो. म्हणजे डोळे मिटून बसली तरी बल्ब तिला सोडत नाही.

कोवळ्या तलंगेचा हा क्रम अजून बसलेला नसतो. कधी दोन मणी मागेपुढे सुटतात, एकाच टरफलात जातात. काही आठवड्यांत घडी बसते आणि हे आपोआप कमी होतं. तेवढं झालं तर त्यात काही वाईट नाही. खायला अंडं उत्तम असतं. पण रात्रभर उजेड आणि जड खाद्य यांनी आपण त्यांना शरीर भरण्याआधीच अंड्यावर आणलं होतं. कमरेची हाडं अजून रुंदावलेली नाहीत आणि अंडं मात्र दीडपट. काकांनी कापलेल्या कोंबडीच्या पोटात अंडं अडकून बसलेलं होतं. त्यांनी ते फोडून दाखवलं. त्यातही दोन बलक होते.

आता सणाच्या रविवारचं. त्या दिवशी सकाळी वस्तीवरून निघताना मला तीन कोंबड्या मेल्याचं ठाऊक होतं. दोघींचं अंग बाहेर आलं होतं आणि बाकीच्यांनी टोचून टोचून त्यांना मारलं होतं. कोंबड्यांचं असंच असतं, लाल दिसलं की टोचतात. मी मुंगसावर ढकललं. पण आजी तिथे उभ्या होत्या. त्यांनी मेलेली कोंबडी पायाला धरून मला दाखवली आणि म्हणाल्या, "ताय, हे मुंगसाचं काम नाय. कोवळी पोर बाळंत केलीस तू."

मी टोपली उचलली आणि गाडीत बसले. घाट चढून इथे आले, आणि वाडग्यात अंडं फोडलं.

हे वाक्य मी वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. आजींच्या वाक्यात कोंबडी होती तशी दुसरीही कोणी होती. त्यांची नातसून तेव्हा पाचव्या महिन्यात होती. कागदावर अठरा पूर्ण. कागदाबाहेरचं मला माहीत नाही, आणि लग्नाच्या वेळी मी विचारलंही नव्हतं. त्या लग्नाला मी जेवून आले होते. नर्सताईंनी तपासलं तेव्हा रक्त आठच्या खाली होतं. आणि ही पोर अंडं खाईना.

ज्या पोरींसाठी आपण हे सगळं मांडलं त्यातलीच ही. मी विचारलं तर मान खाली. शेवटी नणंदेने सांगितलं: दोन बलकांचं अंडं खाल्लं तर जुळी होतात. आपल्याकडे जुळ्या केळ्याबद्दल म्हणतात तेच. आणि अंडं बाहेरून ओळखू येत नाही, कोणत्यात दोन असतील काय सांगावं, म्हणून तिने सगळीच सोडली होती. तिच्या जावेला दोन वर्षांपूर्वी जुळी झाली होती. त्यातलं एकही राहिलं नाही. त्यामुळे ही भीती म्हणजे नुसतं अडाणीपण असं मी तरी म्हणणार नाही.

मी आधी काय केलं असेल? व्याख्यान दिलं. बाईच्या पोटात जुळं कसं राहतं, त्याचा खाण्याशी संबंध नसतो, वगैरे. चित्र काढून दाखवलं. पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि अंडं तसंच ठेवून दिलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढ्या लांबून यायचं, एवढं करायचं, आणि ही हट्टाने उपाशी. गाडीत बसून मी त्यावर प्रार्थना केली, पण ती प्रार्थना म्हणजे देवाकडे केलेली तक्रारच होती.

मार्ग त्या पशुवैद्यक काकांनी दाखवला. म्हणाले, "तिची समजूत कशाला घालत बसता? अंडं बघून द्या." अंधाऱ्या जागी अंड्याच्या जाड बाजूला उजेड धरला की आतलं दिसतं. उबवणी केंद्रात असंच बघतात. पुढच्या खेपेला आम्ही आजींच्या झोपडीत दार लावून बसलो. मोबाईलचा टॉर्च, त्यावर पुठ्ठ्याला भोक पाडून ठेवलं. एक अंडं ठेवलं, नारिंगी उजेडात एकच सावली डुलली. दुसरं ठेवलं, एक सावली. चौथं मोठं होतं. त्यात दोन गोळे शेजारी शेजारी, मध्ये बारीक फट. पोर पहिल्यांदा जवळ सरकली. तिने स्वतः ते अंडं फिरवून बघितलं, बाजूला ठेवलं, आणि म्हणाली, "ह्ये नको. बाकीची चालतील." त्या दिवसापासून संध्याकाळी टॉर्च लावायचं काम तिच्याकडे आलं. एक बलकाची तिची. दोन बलकांची आजी खायच्या. "माझी आता काय जुळी होतात!" असं म्हणून त्या एवढ्या हसायच्या की खोकला लागायचा.

काही जणांनी मला विचारलं आहे की ही अंधश्रद्धेपुढे माघार नव्हे का. असेल. तिला रोज एक अंडं पोटात जायला हवं होतं आणि माझ्याकडे चार महिने होते. वाद मी नंतरही करू शकले असते.

आणखी एक फसगत सांगायची राहिली. तीन घरांनी दोन बलकांची अंडी रवणीला बसवली. सुधारित जातीच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून शेजारची गावरान खुडूक कोंबडी आणली, तिच्याखाली निवडून निवडून मोठी अंडी ठेवली. हिशेब सरळ होता: एका अंड्यात दोन पिल्लं. मला विचारलं तेव्हा मीही म्हटलं, बघा ठेवून. 21 दिवस ती बिचारी कोंबडी उठली नाही. एकही पिल्लू निघालं नाही. दोघांना एका टरफलात वाढायला जागा पुरत नाही, हवेची पोकळी एकच असते, बाहेर येण्यासाठी फिरायला वाव मिळत नाही. क्वचित कुठे निघतात म्हणे, पण त्यावर कोणी संसार मांडू नये. ज्या बाईची खुडूक कोंबडी उसनी आणली होती तिने पुढे दोन महिने आमच्याशी अबोला धरला. तिची एक रवण वाया गेली, म्हणजे तिची दहाबारा पिल्लं बुडाली. ती भरपाई आपल्या हिशेबात "किरकोळ" या सदरात आहे, ती ही.

आता मोठा हिशेब. 120 पैकी 31 पक्षी गेले. त्यातले 19 अंडं अडकून किंवा अंग बाहेर येऊन. पाच खरोखरच मुंगसाने नेले. सात आजाराने. मागच्या अंकात फक्त अंड्यांचा फोटो होता, हे आकडे नव्हते. या अंकात ते छापावेत अशी मी संपादकांना विनंती केली आहे, आणि लिलावाच्या 4,150 रुपयांचं काय करायचं हेही समितीपुढे ठेवलं. ज्या काकांनी 500 रुपये दिले होते त्यांच्या घरी मी स्वतः गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि म्हणाले, "बाई, त्या अंड्यात दोन बलक होते ना? मग मला फसवलं नाही तुम्ही. त्या कोंबडीला फसवलं." पैसे परत घेतले नाहीत. समितीने त्या रकमेची जाळी घ्यायची ठरवली. बल्बने जे काम करायचं नव्हतं ते काम आता बारीक भोकाची जाळी करते आहे. बल्ब नोव्हेंबरमध्येच काढले.

यंदा जूनमध्ये आपण कोल्हापुरातल्या शासनाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून लहान पिल्लं घेतली आणि वस्तीतच वाढवली. नैसर्गिक उजेडात, वयाप्रमाणे खाद्य, मोकळ्यात चरून. अजून ती अंड्यावर आलेली नाहीत आणि मी घाई करत नाही. चार कुटुंबांनी सरळ सांगितलं की आम्हाला तुमची जात नको, आमची गावरानच बरी, वर्षाला साठ-सत्तर अंडी देईल पण स्वतः बसून पिल्लं काढेल. त्यांना आपण गावरान तलंगा घेऊन दिल्या. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस सगळ्यांना सारखीच टोचली.

नातसून जानेवारीत ग्रामीण रुग्णालयात बाळंत झाली. एकच मुलगी, दोन किलो तीनशे. वजन कमीच, पण रडली जोरात. पोरीचं रक्त नवव्या महिन्यात साडेनऊपर्यंत आलं होतं. ते अंड्यांनी आलं, लोहाच्या गोळ्यांनी आलं की दोन्हींनी, हे नर्सताईंनाही सांगता येत नाही. घरी आल्यावर तिने आजींना म्हटलं म्हणे, "आता आण ते दोन बलकाचं." तोवर कोंबड्यांची घडी बसली होती. तसलं अंडं महिनाभर निघालंच नव्हतं.

दिवाळी तीन आठवड्यांवर आहे. त्यानंतर सात घरं भट्टीला जातील. पोर तान्ही घेऊन जाणार की मागे राहणार, याची घरात बोलणी चालू आहेत. मी त्यात एकदाच बोलले आहे. जाणाऱ्यांच्या कोंबड्या आजी सांभाळतील, त्यांना त्याचा महिन्याचा मोबदला ठरवला आहे. खाद्याला आणि उरलेल्या पाच खुराड्यांच्या जाळीला पैसे लागणार आहेत, त्याचा कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना त्यात नाव घालायचं असेल त्यांनी आधी तो पूर्ण वाचावा. मेलेल्यांचा आकडा त्यात पहिल्याच ओळीत आहे.

आजही टोपली आली आहे, ती गुळाच्या ढेपेशेजारी. मागच्या वर्षीच्या जुन्या कोंबड्यांची 36 अंडी आहेत. कोणी मोठं अंडं शोधू नका, त्यात नाही. आजींनी काल रात्री एकेक टॉर्चवर धरून बघून भरली आहेत. लिलाव त्या टोपलीपासून सुरू करावा, अशी माझी पाळकसाहेबांना विनंती आहे. मला चारच्या एसटीने परत जायचं आहे.